ओढीचे सूर

४ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, माझं वाक्य निम्म्यात असतं तोवर तू त्याचा शेवट करून पुढच्या विषयावर गेलेली असतेस, म्हणून म्हटलं कागदावर लिहावं, कागदावर कोणी मध्ये तोंड घालत नाही आणि मला वाक्य हवं तेवढं लांबवून हव्या त्या ठिकाणी नेऊन ठेवता येतं.

काम असं आहे की माझा माउथ ऑर्गन तुझ्याकडे असेल तर पाठवून दे. आईचं घर आवरलं तेव्हा तो तुझ्या सामानात गेला होता. निळी पत्र्याची डबी. नसेल तर तसं लिही, मी नवीन बघतो, पण शक्यतो तोच हवा.

कारखान्यात सध्या काम मंद आहे. लोकांनी दगडाचे ओटे करून घेणं कमी केलंय म्हणे, त्यामुळे मालकाने मला काही दिवस घरी बसायला सांगितलंय, आणि घरी बसणं मला किती जमतं ते तुला ठाऊक आहे. सकाळी खुर्ची खिडकीशी नेतो, थोड्या वेळाने दाराशी आणतो, दाराशी बसलं की वाटतं खिडकीशीच बरं होतं. खाली शिंप्याचं दुकान आहे. तो खुर्चीच्या आवाजाला वैतागून काठीने छत ठोकतो. परवा मी खुर्चीच्या पायांत जुने मोजे घातले. आता खुर्ची गुपचूप फिरते, पण माझा जीव काही थाऱ्यावर येत नाही.

समोरच्या खोलीत एक नर्सबाई राहतात, निवृत्त झालेल्या. त्यांनी परवा विचारलं, पूर्वी काही वाजवत होतात का? मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, मग वाजवा की. म्हणून हा उद्योग.

मेहुण्यांना नमस्कार.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण माझे गुडघे दुखतात, तेव्हा उभ्यानेच नमस्कार.

मला आधी वाटलं विजेचं बिल आलं. उघडलं तर तू. जन्मात कधी दोन ओळी लिहिल्या नाहीस आणि एकदम दोन पानं. मी ह्यांना वाचून दाखवलं तर हे म्हणाले, तुझ्या भावाला कुणीतरी नादी लावलंय. मी म्हटलं, गप्प बसा आणि ते घड्याळाच्या स्प्रिंगचं काम संपवा.

तुझा माउथ ऑर्गन, म्हणजे आपला बाजा, सापडला. निळ्या डबीत नव्हता. त्या डबीत आता घड्याळांच्या काचा असतात. तो आईच्या लोकरीच्या टोपीत गुंडाळलेला होता, कपाटाच्या तळाशी. काचा बाहेर काढून तुझी डबी तुला परत पाठवते आहे, म्हणजे नंतर बोलायला नको.

आणि ऐक. इतकी वर्षं तो माझ्या घरात होता आणि मी एकदाही तोंडाला लावला नाही. शप्पथ. तुझ्या ताटातलं मी खाल्लंय, तुझ्या पेल्यातलं पाणी प्यायलेय, तुझा चघळून टाकलेला ऊससुद्धा एकदा खाल्लाय, पण बाज्याला हात लावला की तू किंचाळायचास, 'उष्टा करू नकोस.' आई म्हणायची, अरे बहीण आहे ती तुझी. तू म्हणायचास, बहीण असली तरी थुंकी ती थुंकीच. डोक्यात बसलंय ते. काल डबीत घालताना फडक्याने पुसला तेव्हासुद्धा मी तोंड वीतभर लांब ठेवलं होतं.

पोचला की सगळ्यात आधी 'कडी काढ' वाजव. मला अजून ती धून जशीच्या तशी ऐकू येते. तू उशिरा घरी यायचास, बाबा झोपलेत की जागे आहेत ते कळायला मार्ग नाही, म्हणून जिन्याखालून तेवढेच सूर वाजवायचास आणि मी अनवाणी जाऊन कडी काढायचे. बाबांना शेवटपर्यंत वाटायचं की शेजारच्या कुणाला तरी छंद आहे.

आता मुद्द्यावर. या नर्सबाई कोण? 'पूर्वी काही वाजवत होतात का' हे बाईमाणूस उगाच विचारत नाही. वहिनीला जाऊन बरीच वर्षं झाली, मी काही बोलणार नाही. फक्त आधी मला कळव, मग जगाला.

तुझी,
ठमी


२० फेब्रुवारी

प्रिय ठमे,

बाजा पोचला, डबी पोचली, टोपीचा वास पण पोचला. तोंडाला लावला तर आधी लोकरच लागली जिभेला.

फुंकीचे सूर सगळे जागे आहेत, इतकी वर्षं पडून राहूनसुद्धा, पण ओढीचे सूर रुसलेत. तू कधी वाजवला नाहीस म्हणतेस म्हणून सांगतो, याच्या एकाच भोकात दोन सूर असतात, फुंकलं की एक आणि श्वास आत ओढला की दुसरा, त्यामुळे सगळी धून अशी आत-बाहेर, आत-बाहेर चालते, आणि तुझ्या त्या 'कडी काढ'चा पहिलाच सूर नेमका ओढीचा आहे. तोच लागत नाही. फस्स होतं आणि थांबतं. मग मी पुढचा फुंकीचा वाजवतो, तो नीट लागतो, पण 'काढ' शिवाय नुसतं 'कडी'ला काय अर्थ आहे, किंवा उलटं म्हण. मी सकाळपासून तेच करतोय. बाजा ठेवतो, पाणी पितो, परत उचलतो. खालच्या शिंप्याने आज काठी नाही ठोकली, स्वतः वर येऊन विचारलं की मांजर अडकलंय का कुठे.

इतक्या वर्षांत आत काहीतरी बसलं असणार. तुला काय वाटतं? तुझा असल्या बारीक कामातला हात आहे.

नर्सबाईंबद्दल तू लिहिलंस ते वाचून हसू आलं. त्या रोज सकाळी येतात, स्टूल ओढून बसतात, मी वाजवतो ते ऐकतात, कधी मनगट धरतात. यापुढे मी काही सांगणार नाही, तू तुला हवं ते समज.

तुझा,
दादा


२६ फेब्रुवारी

ती. दादास,

रोज म्हणजे रोज? आणि मनगट? आणि वर 'यापुढे मी काही सांगणार नाही'? या वयात तुला पालवी फुटेल असं वाटलं नव्हतं. ह्यांनी तर लगेच विचारलं की आहेर काय करायचा. मी म्हटलं, एक भिंतीवरचं घड्याळ देऊ, तीन पडून आहेत.

तुझ्या पत्रात पूर्णविरामांचा दुष्काळ आहे, तेवढं बघ. वाचता वाचता मलाच दम लागला.

बाज्याचं म्हणशील तर भोकं खाली करून तळहातावर हलकेच आपट. पाण्यात अजिबात बुडवू नकोस, आतली लाकडी पट्टी फुगेल आणि मग तो कायमचा बसेल. ह्यांचं म्हणणं, घड्याळ बंद पडलं की लोक आधी हलवतात, मग आपटतात आणि मग आमच्याकडे आणतात. आधीच आणलं तर आमचं निम्मं काम वाचतं. तेव्हा नसेल जमत तर माझ्याकडे पाठव, मी उघडून बघते.

नाहीतर असं करू का, मीच येते. दुकान हे बघतील दोन दिवस. बाजाही बघेन आणि नर्सबाईंनाही बघेन. कधी येऊ?

तुझी,
ठमी


९ मार्च

प्रिय ठमे,

तू येऊ नकोस. खोली रंगवायला काढलीय, सगळं सामान मध्ये आणून ठेवलंय, बसायलासुद्धा जागा नाही. नंतर बघू.

बाजा या पत्राबरोबर पाठवतोय. आपटून झालं, उन्हात ठेवून झालं. आता तर पूर्वी जे फस्स तरी व्हायचं तेही होत नाही. गंज असेल, नाहीतर पितळेला ते हिरवट चढतं ना, ते असेल. तू भिंग लावून नीट बघ. एकेक बघ. खराब असेल तर खराब आहे असं सरळ लिही, मला अजिबात वाईट वाटणार नाही. खरं सांगायचं तर तो खराबच असणार, माझं मन सांगतंय. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय.

मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. आहे ते लिही. आणि लगेच लिही, मी वाट बघतोय. इथे पोस्टमन अकराला येतो, मी दहापासून खिडकीत असतो.

तुझा,
दादा


१७ मार्च

ती. दादास,

उघडला. दोन बारीक स्क्रू, त्यातला एक तूच कधीतरी चाकूने पिळून वाकडा केलेला. वरचं झाकण काढलं, खालचं काढलं. आत काय सुंदर काम आहे रे. पितळेच्या पत्र्यात चिरा, आणि प्रत्येक चिरेवर एक पितळेची जीभ, एका टोकाला पक्की आणि दुसऱ्या टोकाला मोकळी. फुंकीच्या जिभा वरच्या पत्र्याला, ओढीच्या खालच्या. मी इतकी वर्षं घड्याळं उघडतेय, पण आपल्याच कपाटात हे असं काही पडलंय ते मला माहीत नव्हतं.

तू म्हणालास तसं एकेक जीभ भिंगाखाली घेतली. गंज नाही. चीर नाही. हिरवं तर औषधालाही नाही. कचरा म्हणशील तर आईच्या टोपीतला एक धागा निघाला, आणि तोही फुंकीच्या बाजूला. तो चिमट्याने काढला.

पण नुसतं बघून घड्याळ चालतं की नाही ते कळत नाही, चालवून बघावं लागतं. म्हणजे तोंडाला लावणं आलं. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही वाजवा. हे म्हणाले, माझ्या कवळीचा भरवसा नाही, ओढताना आत गेली तर? मग राहिलं कोण. दुकानाचं शटर निम्मं खाली घेतलं, फडक्याने बाजा पुसला, परत एकदा पुसला, आणि दादा, केला उष्टा. लपवत नाही. मागून कुणीतरी ओरडेल असं वाटत होतं. कुणी ओरडलं नाही.

मी श्वास ओढला आणि सूर लागला. मग पुढचं भोक, मग त्याच्या पुढचं. ओढीचे सगळे सूर लागतात, आणि खरं सांगू का, फुंकीपेक्षा तेच गोड आहेत. फुंकीचा सूर आपण बाहेर ढकलून देतो, ओढीचा आपल्या आत येतो. मला मजाच वाटायला लागली. दुपारभर मी 'कडी काढ' शोधत बसले आणि चाचपडत चाचपडत सापडली. दारात एक गिऱ्हाईक घड्याळ घेऊन उभं होतं, ते म्हणालं, चालू द्या, घड्याळ काय, नंतर देतो.

तर आता माझं निदान ऐक. बाजा ठणठणीत आहे. दोष बाज्यात नाही, वाजवणाऱ्यात आहे. नाचता येईना अंगण वाकडं. नर्सबाई समोर बसल्या की तुझं चित्त थाऱ्यावर राहत नसेल, मग पितळेच्या जिभा बिचाऱ्या काय करणार?

सोमवारी पाठवते.

तुझी,
ठमी


३ एप्रिल

दादा,

तुझं पत्र नाही. आधी वाटलं रंगाच्या गडबडीत असशील. मग वाटलं रागावलास, उष्टा केला म्हणून किंवा नर्सबाईंवरून चिडवलं म्हणून. मग मी फोन केला. तो नर्सबाईंनी उचलला. म्हणाल्या, त्यांना आत्ता बोलता येणार नाही. मी विचारलं, का? म्हणाल्या, ते त्यांनीच सांगायला हवं, मी शब्द दिलाय. आणि फोन ठेवला. दोन दिवस मी त्या बाईवर जळत होते. ही कोण लागून गेली माझ्या भावाला सांभाळून ठेवणारी, असं ह्यांना शंभरदा ऐकवलं.

बाजा मी पाठवला नाही. सोमवारी म्हटलं होतं, पण हातातून सुटेना. रोज दुपारी वाजवायचे. मग मला छातीत सर्दी झाली. साधीच, पण कफ भरला. चार दिवसांनी बाजा उचलला आणि 'कडी काढ'चा पहिला सूर ओढायला गेले तर फस्स झालं आणि थांबलं. जरा जोर केला तर खोकल्याची उबळ. फुंकीचे सूर नीट येत होते. मला वाटलं, मीच उघडताना काहीतरी बिघडवलं. परत स्क्रू काढले, परत भिंग लावलं. जिभा होत्या तशा होत्या, जागच्या जागी.

झाकण हातात धरून मी तशीच बसून राहिले. ह्यांनी विचारलं, काय झालं? मी उठून तुझी सगळी पत्रं काढली आणि पहिल्यापासून वाचायला घेतली.

फोनवर तू वाक्य निम्म्यात सोडायचास आणि मी ते पुरं करायचे. मला वाटायचं मी आगाऊ आहे म्हणून. खुर्ची खिडकीशी, मग दाराशी. वारा जिथे येतो तिथे. नर्सबाई रोज येतात आणि मनगट धरतात. कारखान्यात काम मंद. खोली रंगवायला काढलीय. आणि 'तुझ्या तोंडून ऐकायचंय'. तू मला बाजा तपासायला पाठवलाच नव्हतास.

दादा, तुला श्वास नीट घेता येतो का? तेवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर दे, बाकी काही लिहू नकोस. आणि मी ते अंगणाचं लिहिलं होतं ते पान फाडून टाक. मला झोप लागत नाही ते आठवून.

ठमी


११ एप्रिल

प्रिय ठमे,

नाही.

तू एवढंच लिही म्हणालीस, पण आता सुरुवात केलीच आहे तर सगळं सांगतो. मालकाने घरी बसवलं हे खरं, काम मंद आहे हे खोटं. रंगाचंही खोटं, भिंतींना हातसुद्धा लागलेला नाही. इतकी वर्षं मी दगड कापत आलो आणि त्याची भुकटी थोडी थोडी माझ्यात येऊन बसली. दगडावर पाणी सोडत कापला की धूळ उडत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण कोरडा कापला की काम पटकन होतं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून दाखवला. म्हणाले, तुमची फुप्फुसं ताठ झालीत, हवा बाहेर जाते पण आत घ्यायला ती पुरेशी फुलत नाहीत. जे आहे ते परत पहिल्यासारखं व्हायचं नाही, पण सांभाळता येईल. हवेचं एक यंत्र दिलंय, नळी नाकाला लावायची. ते रात्रंदिवस गुरगुरतं. ते कशाला एवढं घाईत असतं कळत नाही, ऐकून मलाच घाई सुटते.

नर्सबाई आपणहून लक्ष ठेवतात. बिचारीला तुझी चेष्टा वाचून दाखवली तेव्हा म्हणाल्या, चालू द्या, तेवढीच माझी किंमत वाढली. श्वासाचे व्यायाम नीरस असतात, म्हणून त्यांनी विचारलं की काही वाजवत होतात का. तिथून हे सगळं सुरू झालं.

पहिल्या दिवशी ओढीचा सूर लागला नाही तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू. म्हटलं, बघा, बाजा बिघडलाय. डॉक्टर म्हणतात फुप्फुसं, मी म्हणतो पितळ. मला माहीत होतं आणि माहीत नव्हतं. तू काम चोख करतेस. तू जर लिहिलं असतंस की एक जीभ गंजली आहे, तर मी तो डॉक्टर सोडून दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो असतो, जिना उतरता आला असता तर. तुझं पत्र आलं तेव्हा माझ्याने वाचवेना, नर्सबाईंनी वाचलं. 'ठणठणीत' पाशी त्या थांबल्या. मी म्हटलं, वाचा पुढे. अंगणाचं आलं आणि मला हसूच आलं, मग हसण्याचा खोकला झाला, मग त्या घाबरल्या. पान मी फाडलेलं नाही. म्हण अगदी जागच्या जागी बसली होती, तुझी काय चूक?

पत्रं का लिहितो ते तुला कळलंच आहे. बोलताना चार शब्दांवर थांबावं लागतं. कागदावर दम लागत नाही, म्हणून मी इतकी लांब लांब वाक्यं लिहीत सुटलो, पूर्णविराम आला की मला ते बोलण्यासारखं वाटायचं.

आता महत्त्वाचं. डॉक्टर म्हणतात, जिन्याची खोली सोडा आणि कुणाजवळ तरी राहा. मी म्हटलं, बघू. तुझ्याकडे येणार नाही आणि तूही इकडे येऊ नकोस. आईचं सगळं तू एकटीने केलंस. तिला उठवून बसवताना तुझी पाठ गेली, मी तेव्हा दर महिन्याला येऊन फळं ठेवून जायचो. ती गेल्यावर कुठे तुझ्या हातात भिंग आणि चिमटा आला, तू स्वतःच्या कामाला लागलीस. तुझ्या पत्रातून तो आनंद कळतो. पुन्हा तुझ्या नशिबी उशी आणि औषधं यावीत हे मला सहन होणार नाही.

बाजा तुझ्याकडेच ठेव. तू वाजव. उष्टा झालाच आहे.

तुझा,
दादा


१४ एप्रिल

दादा,

पत्र वाचून मी आधी रडले आणि मग मला तुझा इतका राग आला की एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाला दोन वेळा किल्ली दिली.

माझ्या पाठीचा हिशेब तुला कुणी करायला सांगितला होता? ओझं उचलणाऱ्याला विचारायचं असतं, बाहेरून तराजू धरायचा नसतो. हो, पाठ गेली. हो, थकायचे, चिडायचे, आईवर ओरडायचेही. पण ती माझी आई होती आणि दिवसभर आम्ही दोघी तुझ्याबद्दल चहाड्या करायचो, तेवढं सुख तुला मिळालं नाही. तू फळं ठेवून जायचास, आई ती खायची नाही, वासाला उशाशी ठेवायची.

दुकानामागची खोली माहीत आहे ना, बंद घड्याळांची? जिना नाही, उंबरासुद्धा बोटभर. खिडकी आहे आणि दारही आहे, म्हणजे खुर्ची फिरवायची सोय आहे. तुझं पत्र वाचून मी ह्यांच्याशी कसं बोलावं त्याचा विचार करत मागे गेले, तर हे तिथे आधीच खोकी उचलत होते. म्हणाले, भिंतीवरची घड्याळं राहू देत का? टिकटिक चालेल त्यांना? मी म्हटलं, यंत्र गुरगुरतं त्याच्यापेक्षा बरी.

नर्सबाईंचा मी अपमान केला मनातल्या मनात, तो त्यांना सांगू नकोस, मीच माफी मागेन. आणि त्यांना तिथे एकटं वाटेल, त्यांना अधूनमधून बोलावू. ती तीन घड्याळं पडून आहेत, त्यातलं एक त्यांना देऊ.

मी रविवारी, चोवीस तारखेला सकाळी येते. गाडी घेऊन येते आणि तुला खाली आणायला ह्यांचे दोन मित्र. नको म्हणालास तर दारात बसून राहीन, तुला माहीत आहे मी बसू शकते.

राहिलं बाज्याचं. 'कडी काढ' माझ्याने पुरी होत नाही. ओढीचे सूर येतात, पण शेवटचा फुंकीचा सूर तू जसा हळूच सोडायचास, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून, तो मला येत नाही. माझा भसकन येतो. सगळी गल्ली जागी होईल. तुला फुंकता येतं, मला ओढता येतं. एकाने अर्धी वाजवायची आणि बाजा दुसऱ्याच्या हातात द्यायचा. तुला किळस वाटत असेल तर आत्ताच सांग.

ठमी


१८ एप्रिल

प्रिय ठमे,

आज छोटी वाक्यं. लांब लिहायची गरज वाटत नाही.

ये.

नर्सबाईंना सांगितलं. त्या डोळे पुसत म्हणाल्या की घड्याळ भिंतीवरचं नको, उशाशी ठेवायचं द्या. शिंप्यालाही सांगितलं, रविवारी खूप पावलं वाजतील. तो म्हणाला, वाजू द्या. खुर्चीचे मोजे काढलेत. ती बरोबर घेऊन येणार आहे. दुसरं काही फारसं नाही.

मला भीती वाटते, ठमे. यंत्राची नाही, जिन्याचीही नाही. इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी घरात राहायची वाटते. पण तू लहानपणापासून कुणाला न सांगता माझ्यासाठी दार उघडत आलीस, तेव्हा मी उगाच लाजत नाही.

येताना बाजा पुसू नकोस.

खालची बेल बिघडली आहे. मला दारापर्यंत यायला वेळ लागतो, तू बाहेर उभी राहून घाबरशील. म्हणून कडी आजच काढून ठेवली आहे. रविवारपर्यंत तशीच राहील.

तरी जिन्याखालून वाजव. मला ऐकायचंय.

तुझा,
दादा